तार तोडण्यापूर्वीं

शहरांत तीन पिढ्या घालविलेल्या सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं एक नवीच इच्छा मूळ धरूं लागलेली दिसते. पुण्यामुंबईंतलें बिऱ्हाड आवरावें, कोंकणांतल्या वडिलोपार्जित जागेवर घर उभारावें, आणि तेथें विजेच्या तारेवांचून, नगरपालिकेच्या नळावांचून व गॅसच्या सिलिंडरवांचून आपल्या हिमतीवर राहावें, अशी ती इच्छा होय. तरुण मंडळी या राहणीस 'ऑफ-ग्रिड' म्हणतात. आपल्या भाषेंत तिला स्वयंपूर्ण राहणी म्हणण्यास हरकत नाहीं. २०२० सालच्या टाळेबंदींत चार भिंतींच्या आड कोंडून पडलेल्या पुष्कळ घरांत ही गोष्ट प्रथम बोलली गेली, आणि कित्येक घरांत ती अद्यापहि जेवतांना निघत असते. ही इच्छा पोरकट आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. घड्याळाच्या तालावर नाचणें, विकतच्या वस्तूंनीं घर भरणें आणि तरीहि मन रितें राहणें, याचा वीट ज्याला येत नाहीं असा माणूस विरळा. परंतु इच्छा चांगली असली म्हणजे तयारी आपोआप चांगली होते असें नव्हे. आणि या महिन्यांत वाचकांपुढें आम्ही ठेवीत आहों तो विचार या तयारीचाच आहे.

या मार्गानें गेलेलीं माणसें आपल्यांत झालीं नाहींत असें नाहीं. गरवारे महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या डॉ. हेमा साने यांनीं पुण्याच्या ऐन बुधवार पेठेंत, विजेच्या झगमगाटाच्या मधोमध, घरांत वीज न घेतां आयुष्य काढलें व ग्रंथरचनाहि केली. दिलीप कुलकर्णी यांनीं अभियंत्याची नोकरी सोडून दापोली तालुक्यांतील कुडावळे गांवीं अल्प गरजांचा संसार मांडला व त्या अनुभवावर मराठींत विपुल लेखन केलें. समुद्रापलीकडे पाहूं गेल्यास अमेरिकेंतील कॉन्कॉर्ड गांवाजवळ वॉल्डन तळ्याकांठीं ४ जुलै १८४५ पासून २ वर्षें, २ महिने व २ दिवस राहिलेला हेन्री डेव्हिड थोरो सर्वांस ठाऊक आहे; त्याचा ग्रंथ दुर्गाबाई भागवतांनीं मराठींत आणला. हीं उदाहरणें पूज्य खरीं. परंतु त्यांच्याकडे पाहतांना एक भेद नजरेआड होतां कामा नये. थोरो एकटा होता. हेमाताईंचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. ज्यानें व्रत घ्यावयाचें त्यानेंच तें पाळावयाचें, असा तेथें सरळ हिशेब होता. आमचे वाचक बहुधा आठ-दहा माणसांच्या घरांतले. तेथें व्रत घेतो एक, आणि तें पाळावें लागतें भलत्यासच, असें होण्याचें भय फार आहे.

तार म्हणजे काय, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. ३० फूट खोल विहिरींतून १,००० लिटर पाणी वर चढविण्यास लहानशा पंपाला एका युनिटाचा सुमारें दहावा हिस्सा पुरतो. म्हणजे पैशांच्या भाषेंत एक रुपयाच्या आसपास. तेंच पाणी रहाटानें काढावयाचें तर १२ लिटरच्या ८० हून अधिक घागरी ओढाव्या लागतील. तेव्हां तार म्हणजे केवळ दिव्याची सोय नव्हे. न दिसणाऱ्या व कुरकुर न करणाऱ्या नोकरांची ती एक रांगच आहे. ती तोडली म्हणजे नोकर जातात, पण काम जात नाहीं. तें घरांतल्याच कोणाच्या तरी हातांवर येऊन पडतें. तें कोणाच्या हातांवर पडावयाचें, हा या सर्व तयारींतला पहिला प्रश्न आहे. आणि सौर तावदानें किती घ्यावीं व टाकी केवढी बांधावी, हे प्रश्न त्याच्या मागून येतात.

आपल्या आजेसासूबाईंच्या काळचें कोंकणांतलें घर आपण मोठ्या प्रेमानें आठवतों. पहांटेची जात्याची घरघर, रहाटाचा आवाज, सायंकाळीं पुसून लखलखीत केलेल्या कंदिलाच्या कांचा! परंतु तें जातें कोण ओढीत होतें, त्या कांचा कोण पुशीत होतें, आणि ओटीवर झोंपाळ्यावर बसून रहाटाचा आवाज ऐकावयास कोणाला फुरसत होती, हेंहि प्रामाणिकपणें आठवावें. त्या काळच्या स्वयंपूर्णतेचा फार मोठा भाग स्त्रियांच्या पाठीच्या कण्यावर उभा होता. शहरांत येऊन नळ, गिरणी व गॅस यांनीं ज्या कष्टांतून सुटका केली, त्यांतच सुनांस पुन्हां लोटावयाचें आणि त्यास निसर्गाचा सहवास म्हणावयाचें, हें कोणत्याहि विचारी गृहस्थास शोभणार नाहीं. म्हणून ही राहणी स्वीकारूंच नये असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. हिशेब पुरा मांडून ती स्वीकारावी, एवढेंच आम्ही सांगतों.

हिशेब पाण्यापासून धरूं. शहराच्या पाणीयोजनेंत दरमाणशीं दिवसास १३५ लिटर धरतात. खेड्यांच्या योजनांत ५५ लिटर. आठ माणसांच्या घरास खेड्याच्या मापानें दिवसाला ४४० लिटर लागतील. कोंकणांत वर्षाला ३,००० मिलिमीटर पाऊस सहज पडतो, आणि एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी मिळतें. १,००० चौरस फुटांच्या छपरावरून, पांचवा हिस्सा वायां गेला असें धरलें तरी, वर्षाला दोन लाख लिटरांहून अधिक पाणी उतरतें. हा आंकडा ऐकून मन हरखतें. परंतु हें सारें पाणी चार महिन्यांत येतें, आणि जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळें जमिनींत मुरलेलें पाणी झपाट्यानें निघून जातें. आषाढांत ज्या गांवाचे पऱ्हे तुडुंब वाहतात, त्याच गांवास वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते, ही कोंकणची जुनी व्यथा आहे. नोव्हेंबरपासून पावसाळ्यापर्यंतचे सुमारें २४० दिवस निभवावयाचे आहेत. नुसतें पिण्याचें व स्वयंपाकाचें पाणी माणशीं १० लिटर धरलें, तरी आठ जणांस १९,२०० लिटर लागतें. म्हणजे १० फूट लांब, १० फूट रुंद व ७ फूट खोल टाकी केवळ त्यासाठीं हवी. पहिल्या एकदोन सरींचें पाणी छपराची धूळ घेऊन येतें, तें टाकींत घेऊं नये. टाकीला घट्ट झांकण व बारीक जाळी असावी, कारण डेंग्यूचा डास सांठविलेल्या स्वच्छ पाण्यांतच वाढतो. पिण्याचें पाणी उकळावें. उरलेल्या गरजेसाठीं विहीर हवीच. आणि ती विहीर मे महिन्यांत स्वतः जाऊन, आंत दोर सोडून, पाण्याची खोली मोजल्यावांचून जागेविषयीं कोणताहि निश्चय करूं नये. दिवाळींत पाहिलेल्या विहिरीवर विश्वास ठेवणारांस वैशाखांत पश्चात्ताप होतो.

विजेचा हिशेब याहून सोपा आहे, पण तो उलट्या टोंकाकडून करावा लागतो. शहरांत आपण प्रथम यंत्र आणतों व मग देयक भरतों. येथें प्रथम वीज मोजून मग यंत्राला घरांत प्रवेश द्यावयाचा. ९ वॅटचे १० दिवे रोज पांच तास जळले तर अर्ध्या युनिटाहूनहि कमी वीज जाते. साधा पंखा ७५ वॅट घेतो, तर नव्या बीएलडीसी जातीचा सुमारें ३० वॅट. असे चार पंखे दहा तास चालले तर सवा युनिटाच्या आंत. शीतकपाटास दिवसाचें एक युनिट धरावें. पंप, मिक्सर, भ्रमणध्वनि व संगणक मिळून पाऊण युनिट. एकूण साडेतीन, आणि सांठवणांतील गळती धरून चार युनिटें. एक किलोवॅटचीं सौर तावदानें स्वच्छ उन्हाच्या दिवशीं साधारण चार युनिटें देतात. परंतु कोंकणच्या पावसाळ्यांत दिवसचे दिवस याच्या निम्मेंहि पदरांत पडत नाहीं. म्हणून दोन किलोवॅटांहून कमी घेऊं नये. १५० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्ट लेड-ॲसिड बॅटरींत पावणेदोन युनिटांइतकी वीज मावते. पण तिचें आयुष्य टिकवावयाचें तर निम्मीच काढावी. तेव्हां एका दिवसाच्या सांठ्यास अशा चार तरी बॅटऱ्या हव्यात, त्यांत वेळच्या वेळीं ऊर्ध्वपातित पाणी घातलें पाहिजे, आणि चार-पांच वर्षांनीं त्या बदलाव्या लागतील हें आधींच धरून चालावें. लिथियमच्या बॅटऱ्या महाग, पण त्या अधिक खोलवर वापरतां येतात व अधिक टिकतात. इस्त्री, गीझर, विजेची शेगडी, म्हणजे उष्णता देणारें कोणतेंहि उपकरण, या घरांत येणार नाहीं असें समजावें. स्नानाच्या पाण्यास तांब्याचा बंब किंवा छपरावरील सौरबंबच खरा. तावदानांची चौकट मात्र पक्की बसवावी. ३ जून २०२० रोजीं आलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळानें रायगड व उत्तर रत्नागिरींत हजारों घरांचीं छपरें उडविलीं व विजेचे खांब आडवे केले. कित्येक गांवें दिवसचे दिवस अंधारांत होतीं. तसें वादळ पुन्हां येणारच नाहीं असें कोणीं सांगावें?

इंधनाची गोष्ट निघाली कीं गोबर गॅसचें नांव प्रथम येतें, आणि तें योग्यच आहे. सुमारें २५ किलो शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो, व स्वयंपाकास दरमाणशीं दिवसाला पाव घनमीटर लागतो. म्हणजे आठ जणांस दोन घनमीटर गॅस, त्यास ५० किलो शेण, आणि तेवढ्या शेणास पांच जनावरें. येथवर गणित सुरेख जुळतें. परंतु शेणांत तितकेंच पाणी कालवावें लागतें, तें ५० लिटर. आणि पांच जनावरें प्रत्येकीं ४० लिटर पाणी पितात, तें २०० लिटर. म्हणजे माणसांच्या ४४० लिटरांवर आणखी २५० लिटर चढले, आणि तेहि वैशाखांत! शिवाय वैरण, गोठ्याची झाडलोट, धार काढणें व आजारी गुराची शुश्रूषा निराळीच. पुण्याच्या 'आरती' या संस्थेनें डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखालीं उरलेल्या अन्नावर चालणारें लहान गॅसयंत्र तयार केलें, व त्यास २००६ सालीं ॲशडेन पुरस्कार मिळाला. जनावरें बाळगणें ज्यांस शक्य नाहीं त्यांनीं तें अवश्य पाहावें. मात्र त्यास रोज दोनएक किलो पिष्टमय अन्न लागतें, आणि काटकसरीच्या घरांत तेवढें उष्टें-खरकटें उरत नसतें. तेव्हां धूर बाहेर नेणारी सुधारलेली चूल व मे अखेर कोरडी करून पडवींत रचलेलीं लांकडें यांवांचून पावसाळा निघत नाहीं.

आतां ज्याविषयीं पंक्तींत कोणी बोलत नाहीं त्या विषयाकडे वळतों. शहरांत साखळी ओढली कीं मैला डोळ्यांआड होतो. कोठें जातो, कोण वाहतो, याची चौकशी आपण करीत नाहीं. स्वयंपूर्ण घरांत ही डोळेझांक चालत नाहीं. दोन खड्ड्यांचा संडास सर्वांत सोपा: एक भरला कीं दुसरा वापरावयाचा, आणि वर्ष-दीड वर्षानें पहिल्यांतील सोनखत काढून झाडांस घालावयाचें. खड्डा विहिरीपासून निदान ५० फूट दूर व उताराच्या खालच्या अंगास असावा. जांभ्याच्या जमिनींत याहूनहि दूर. हें सर्व शास्त्र कोंकणास नवें नाहीं. १९४८ सालीं कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांनीं सोप्या संडासाचा व सोनखताचा प्रचार करण्यांत आयुष्य वेंचलें. उच्च शिक्षण घेतलेल्या या ब्राह्मणानें १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत मेहतरकाम करावयास मिळावें म्हणून उपोषण केलें, आणि त्याला पाठिंबा म्हणून गांधीजींनींहि येरवड्यास अन्न सोडलें. त्या उपोषणाचा अर्थ आम्ही असा समजतों कीं, ज्या कामावांचून आपलें घर चालत नाहीं, तें काम दुसऱ्याच्या जन्मावर ढकलण्याचा अधिकार आपणांस नाहीं. सौर तावदानांची चर्चा हिरिरीनें करणाऱ्या कर्त्या पुरुषांनीं, खड्डा उपसावयाचा त्या दिवशीं फावडें कोणाच्या हातांत असेल, हेंहि त्याच बैठकींत सांगावें. 'गडी लावूं' हें उत्तर पुरेसें नाहीं. एक तर ती स्वयंपूर्णता नव्हे. आणि दुसरें असें कीं, गांवचे तरुण आपल्या आधींच मुंबईस गेले आहेत.

आजारपणाविषयीं थोडक्यांत पण निश्चयानें बोललें पाहिजे. घरांत इन्सुलिन घेणारें किंवा हृदयविकाराचें माणूस असेल तर शीतकपाट ही चैन राहत नाहीं, आणि रुग्णालयापासूनचें अंतर मैलांत न मोजतां जुलैच्या रात्रीं लागणाऱ्या मिनिटांत मोजावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारहि सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालतें. तें कोणत्या सरकारी रुग्णालयांत नेहमीं असतें याची चौकशी आधीं करून ठेवावी. दंश झालेला भाग कापणें, आवळून बांधणें वा मांत्रिकाकडे धांवणें यांत अमोल वेळ जातो. त्या अवयवाची हालचाल न होऊं देतां माणसास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. लाल विंचवाचा दंशहि कोंकणांत पूर्वीं प्राणघातक ठरत असे, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं प्रॅझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून असंख्य मुलें वांचलीं आहेत. परंतु औषध असून वेळेवर पोंचतां आलें नाहीं तर काय उपयोग? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या दारापर्यंत येऊं शकते काय, व दूरध्वनीची लहर घरांत पोंचते काय, हें जागा घेण्यापूर्वीं पाहावें.

कायद्याचीहि ओळख हवी. महाराष्ट्रांत जो शेतकरी नाहीं त्यास १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमान्वयें जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. 'आमची गांवीं जमीन आहे' असें म्हणणारांनींहि सातबाऱ्याचा ताजा उतारा काढून पाहावा; १ एप्रिल १९५७ पासून कसणारीं कुळें जमिनीचीं मालक झालीं, आणि तें न्याय्यच होतें. कित्येक घरांत मात्र आजोबांच्या गोष्टींत ती जमीन अजून आपलीच असते. जी उरली आहे तिच्यावर किती चुलतभावांचीं व आत्यांचीं नांवें आहेत, हेंहि पाहून सर्वांची लेखी संमति घ्यावी. सरकारची २०२४ ची सूर्यघर योजना तारेशीं जोडलेल्या सौर संचांस साहाय्य देते. तार तोडणारांनीं त्या पैशांवर भिस्त ठेवूं नये.

आतां तालमीविषयीं. आमची सूचना अशी कीं, बिऱ्हाड हलविण्यापूर्वीं एक पुरें वर्ष या तयारीस द्यावें. प्रथम शहरांतल्याच घरीं मे महिन्यांत आठ दिवस नळ बंद ठेवून दरमाणशीं ५५ लिटर पाणी पिंपांत भरून घ्यावें, व दिवसाला चार युनिटांवर मीटर जाऊं देऊं नये. तिसऱ्या दिवशीं कोणाच्या वांट्याचें पाणी कमी पडतें व कोण मुकाट्यानें आपलें पाणी दुसऱ्यास देतें, हें कर्त्या माणसानें डोळसपणें पाहावें. नंतर त्या जागीं दोनदां जाऊन राहावें: एकदां वैशाखांत पाण्यासाठीं, एकदां आषाढांत उजेडासाठीं. सुटीपुरतीं सहल म्हणून नव्हे, तर म्हाताऱ्याकोताऱ्यांसह, आणि शहरांतून डबे न नेतां.

या वर्षांत एक वही घालावी. तिच्यांत कामांची यादी असावी: पाणी चढविणें, पन्हाळीं साफ करणें, तावदानें पुसणें, बॅटऱ्यांची देखरेख, शेण कालविणें, लांकडें फोडणें, धार काढणें, बाजार आणणें, कपडे धुणें, खड्डा उपसणें. प्रत्येक कामापुढें करणाराचें नांव लिहावें, आणि तो आजारी पडल्यास दुसरें कोण तें करील तेंहि लिहावें. मग घरांतल्या सर्वांनीं बसून ती वही मोठ्यानें वाचावी. या बैठकींत जी नेहमीं शेवटच्या पंक्तीस जेवते तिनें प्रथम बोलावें, व तिचें पुरें होईपर्यंत कोणीं मध्यें बोलूं नये. तिची शहरांतली नोकरी सुटणार असेल, तर त्या नोकरीबरोबर तिच्या हातचा पैसा व तिचा मान किती जाईल, हाहि आंकडा टाकीच्या व तावदानांच्या खर्चाशेजारीं मांडला गेला पाहिजे. मुलांच्या शाळेविषयीं मुलांस, आणि औषधपाण्याविषयीं आजोबा-आजींस विचारावें. वहींतील जड कामांपुढें दोन-तीन स्त्रियांचींच नांवें फिरून फिरून येत असतील, तर तार तूर्त राहूं द्यावी व कामांची वांटणी शहरांतल्याच घरांत आधीं बदलावी. ज्या घरांत पुरुषांनीं कधीं स्वतःचें ताट उचललें नाहीं, तेथें ते डोंगरावर गेल्यावर शेणाची पाटी उचलतील, अशी आशा धरण्यांत अर्थ नाहीं.

एकत्र कुटुंबास या राहणींत जी अनुकूलता आहे ती एकट्यादुकट्यास नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. एकट्या थोरोला ताप आला असतां त्याची चूल कोणीं पेटविली असती? आठ माणसांच्या घरांत एक आडवा पडला तरी सात उभे असतात. आजोबांस पावसाचा अंदाज असतो, नातवास यंत्राची जाण असते, आणि काम वांटलें गेलें म्हणजे रोज कोणाच्याच वांट्यास दोन तासांहून अधिक येत नाहीं. परंतु हें सामर्थ्य वांटणीच्या न्यायांत आहे, केवळ माणसांच्या संख्येंत नाहीं. ज्या घरची वही सर्वांच्या संमतीनें पुरी झाली, आणि जिच्यावर सर्वांत धाकट्या सुनेनेंहि दडपणावांचून सही केली, त्या घरानें अवश्य निघावें. आमच्या शुभेच्छा त्यांच्याबरोबर आहेत. पहिल्या वर्षीं शहरांतलें घर मात्र विकूं नये, भाड्यानें द्यावें. आणि लांकडें मे महिना संपण्यापूर्वीं पडवींत घ्यावीं.